उत्तर यंत्राचे, जबाबदारी कोणाची?

राजगडाच्या परिसरातील विंझरसारख्या गावी भातशेतीचा हिशेब गुंठ्यांत चालतो. शिफारशी मात्र हेक्टरी छापल्या जातात, औषधाचे प्रमाण दहा लिटर पाण्यास सांगितले जाते आणि पाठीवरचा पंप बहुधा पंधरा-सोळा लिटरचा असतो. करपा पडला की हे त्रैराशिक बांधावर उभ्यानेच सोडवावे लागते.

आता ते यंत्राने सोडवावे असा शासनाचा मनोदय आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोरणास मान्यता दिली व त्यासाठी ५०० कोटी रुपये ठरविले. कृषी विभागाच्या ‘महाविस्तार’ ॲपमधील चॅटबॉट मराठीत उत्तरे देतो. याला विरोध करण्याचे कारण नाही. सल्ल्यासाठी औषधविक्रेत्याच्या दुकानाची पायरी चढावी लागणे हे काही स्वातंत्र्य नव्हे.

परंतु ही यंत्रे संभाव्य शब्द जुळवून वाक्ये रचतात आणि ठाऊक नसले तरी अस्खलित बोलतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेथे यंत्राचा दोष नव्हता; विषाची किंमत कोण मोजतो एवढे मात्र दिसले.

म्हणून उत्तर राहुरी, अकोला, परभणी वा दापोलीच्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशींतूनच निघाले पाहिजे, आणि ती शिफारस कोणती, कोणत्या वर्षीची, हेही सांगितले गेले पाहिजे. मात्रेचे गणित भाषायंत्रावर न सोपविता साध्या गणनयंत्राकडून करवावे. शिफारस सापडली नाही तर यंत्राने तसे कबूल करून प्रश्न सहायक कृषी अधिकाऱ्याकडे धाडावा. याहून नाजूक बाब सुरक्षिततेची. यंत्र जे कागद वाचते त्यांतच एखाद्याने छुपी सूचना पेरली, तर ते ती आज्ञा समजून पाळू शकते. कंपन्यांची माहितीपत्रके त्याच्या ग्रंथसंग्रहात शिरू देणे म्हणजे कुंपणानेच शेत खाणे. शेतकऱ्याने विचारलेले प्रश्न, त्याचे क्षेत्र, त्याचे पीक हाही बाजारात विकण्याजोगा माल आहे, हे विसरता येत नाही.

कॅनडातील एका विमान कंपनीने आपला चॅटबॉट स्वतःच्या कृतीस स्वतःच जबाबदार आहे, असा युक्तिवाद केला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील न्यायाधिकरणाने तो फेटाळला व प्रवाशास भरपाई देवविली. त्या प्रवाशाजवळ संभाषणाचा पुरावा होता. येथेही प्रत्येक उत्तरास क्रमांक द्यावा व त्याची प्रत शेतकऱ्याच्या हाती राहावी. चुकीच्या सल्ल्याची भरपाई कोणत्या खात्यातून मिळणार, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत आणि तालुका कृषी कार्यालयात आताच, पुढच्या लावणीपूर्वी, लेखी विचारला पाहिजे.