वायरलेस हवंय? आधी वायर ओढा

गेल्या दिवाळीत आमच्या ह्यांनी घरात आठ शिंगांचं एक जनावर आणलं. काळंकुट्ट, कडेला लाल रेघ, किंमत 14 हजार. ‘अख्ख्या घराला पुरून उरेल’ असं दुकानदार म्हणाला होता. आमचं अख्खं घर म्हणजे हडपसरच्या एका टॉवरमधलं दोन बेडरूमचं खुराडं. कुकरची शिट्टी कुठल्याही कोपऱ्यातून मोजता येते. पण त्या राउटरचं वाय-फाय हॉलमधून शेवटच्या खोलीत, जिथे बसून मी भाषांतराचं काम करते, तिथे काही पोचेना. मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की पडद्यावर माझा पुतळा. हे म्हणाले, “अगं, अजून मोठा घ्यायला हवा होता.”

या वाक्याचा मला वीट आलाय. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, ‘राउटर कोणता घेऊ?’ आणि पंधरा तज्ज्ञ पंधरा खोकी सुचवतात. भिंती कशाच्या आहेत, हे एकही जण विचारत नाही.

भिंती कशाच्या आहेत ते घरात कधी खिळा ठोकून पाहिलेल्याला विचारा. हल्लीचे बरेच टॉवर मायवान पद्धतीने उभे राहतात. ॲल्युमिनियमचे साचे लावायचे, आत लोखंडी जाळी आणि भिंती-स्लॅब एकदमच काँक्रीटने ओतायचे. वीट नाहीच. काम झटपट उरकतं, बिल्डर खूश. आपण मात्र घड्याळ टांगायलासुद्धा ड्रिलवाल्याच्या विनवण्या करायच्या. अशा दोन भिंती आणि मधे आरशाचं कपाट आलं की 5 गिगाहर्ट्झची लहर तिथेच गुडघे टेकते. 2.4 गिगाहर्ट्झची जरा पुढे सरकते, पण तिच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल इनमीन तीन: 1, 6 आणि 11. माझ्या टेबलावरून मी मोजली, तर 31 घरांची वाय-फाय दिसली. एकतीस घरं, तीन लेन. संध्याकाळी सातला मगरपट्टा चौकात नव्या कोऱ्या गाडीतून कुणी लवकर घरी पोचलंय का?

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतेच. ‘एसी 1200’. हे 1200 आले कुठून? एका पट्ट्यावरचे 300 आणि दुसऱ्यावरचे 867, बेरीज 1167, ती वर ढकलून 1200. फोन त्यातला एकच पट्टा वापरतो. म्हणजे शेजाऱ्याचा पगार आपल्यात मिळवून घरखर्च मांडायचा! याहून निर्लज्ज प्रकार मागच्या बाजूला असतो. या 1200 वाल्यांपैकी कित्येक स्वस्त राउटरांचं वायरचं पोर्ट 100 एमबीपीएसचंच असतं. पाटी धबधब्याची, नळ अर्ध्या इंचाचा. 300 चा प्लॅन घेऊनही ज्यांच्या घरी वेग 94-95 च्या पुढे हलत नाही, त्यांनी कंपनीला शिव्या देण्याआधी डबा उलटा करून बघावा.

आणि ती शिंगं! विनापरवाना हवेत किती जोरात ओरडायचं याला सरकारी मर्यादा आहे. शिंगं चार असोत की आठ. शिवाय फोनलाही उलट उत्तर द्यावं लागतं आणि त्याचा जीव तो केवढा. गाडीतळावर कंडक्टर कितीही बोंबलला, तरी मागच्या सीटवरच्या आजीचं ‘फुरसुंगी एक’ त्याच्या कानावर पडल्याशिवाय तिकीट फाटत नाही.

‘वाय-फाय 7’वाल्यांचा तोरा आणखी वेगळा. त्याची खरी ऐट 6 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. आपल्याकडे तो पट्टा खुला करायचा मसुदाच मे 2025 मध्ये निघाला, तोही खालच्या 500 मेगाहर्ट्झपुरता. खोकी दुकानात त्याआधीच येऊन बसली होती.

हडपसर हे शेतकऱ्यांचं गाव. मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर इथले मळे पिकले. खडकवासल्याचं पाणी इथवर आलं ते कालव्यातून, मग पाटातून, मग दांडाने वाफ्यात. लांबचा वाफा कोरडा राहिला म्हणून कुणी मोठा पंप आणून हवेत पिचकाऱ्या मारल्या नाहीत. दांड पुढे नेला. त्याच मळ्यांवर वीस-वीस मजले चढवणाऱ्यांना आणि त्यात हप्ते फेडत राहणाऱ्या आम्हा शहाण्यांना एवढं कळू नये?

कनेक्शन द्यायला आलेला पोरगा फायबर दारातून आत घेतो आणि पहिला प्लग दिसेल तिथे, म्हणजे चपलांच्या कपाटावर, डबा ठेवतो. त्याला पुढच्या घरी पळायचं असतं. आपण त्याला चहा विचारतो, पण ‘फायबर मधल्या पॅसेजपर्यंत ओढ’ म्हणत नाही. मग शोभा जाते म्हणून तो डबा टीव्हीमागे कोंबतो.

रिपीटरचा सल्ला देणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. ज्याला स्वतःलाच धड ऐकू येत नाही त्याने निरोप पुढे पोचवायचा! त्यात ऐकणं-बोलणं एकाच पट्ट्यावर, म्हणजे वेग निम्मा. तीन डब्यांचा महागडा मेश संच वायरीविना लावलात, तर बहुतेक तोच खेळ, कपडे फक्त भारी.

मी काय केलं? तपकीर गल्लीत जाऊन 20 मीटर कॅट सिक्स वायर आणली. पहिल्या दुकानात दाखवलेल्या वायरीची तार ब्लेडने खरवडली, तर तांबूस मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम. दुकानदार म्हणाला, “ताई, सगळे हीच नेतात.” नेत असतील. मी दुसऱ्या दुकानातून सगळी तांब्याची घेतली. वायर बाहेरून न्यायची परवानगी मागितली, तर कमिटीचं उत्तर: इमारतीचं एलिव्हेशन बिघडतं. आमच्या गच्चीवरून केबलवाल्यांच्या काळ्या वायरींची जटा लोंबते, ते बहुधा एलिव्हेशन नसावं. शेवटी स्कर्टिंगच्या कडेने केसिंग पट्टी मारली, चौकटीच्या कोपऱ्यात एक भोक पाडलं आणि माळ्यावरचा जुना राउटर खाली काढून ॲक्सेस पॉइंट म्हणून खोलीत लावला. वायर, पट्टी, मजुरी मिळून 1,700 रुपये. त्यानंतर पुतळा झाला नाही.

हो, 12 व्होल्टचा एक छोटा यूपीएसही घ्या. पुण्यात गुरुवारी लाईट जाते, हे आठ शिंगांनाही ठाऊक नसतं. नवा राउटर घ्यायचाच असेल तर साधा वाय-फाय 6 चा, मागे गिगाबिट पोर्ट असलेला पुरे. नेटफ्लिक्स 4के चित्रासाठी 15 एमबीपीएस मागतं. चौघांच्या घराला 100 चा प्लॅन पुष्कळ झाला.

पण या सगळ्या पट्ट्या मारायची वेळ आमच्यावर आणली कुणी? सॅम्पल फ्लॅटमध्ये इटालियन मार्बल दाखवतात, व्हिडिओ डोअरफोन दाखवतात. काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक खोलीत एक इंची पाइप टाकायला मात्र यांच्या हाताला लकवा भरतो. ट्रायने ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीनुसार तारे देणारी नियमावली काढली. ती ऐच्छिक आहे. ऐच्छिक गोष्टी बिल्डर किती हौसेने करतात ते फ्लॅट घेतलेल्यांना माहीत आहे.

तेव्हा मांजरी, फुरसुंगी, हांडेवाडीकडे ज्यांचं बुकिंग चालू आहे, त्यांनी सेल्स ऑफिसातल्या मुलाला एवढंच विचारा: हॉलमधल्या फायबर पॉइंटपासून प्रत्येक बेडरूमपर्यंत रिकामा पाइप आहे का? ‘आहे’ म्हणाला, तर नकाशावर दाखवायला सांगा आणि करारात लिहून घ्या. स्लॅब पडण्याआधी.