मामांची तपकिरी बाटली

धारला आमच्या मामांच्या फडताळात एक तपकिरी बाटली असे. तिला हात लावावयाची आम्हां भाच्यांना सक्त मनाई होती. मामी तिला ‘यांचे विरजण’ म्हणत. बाटलीत होता घरी कृष्णधवल फिल्म धुण्याचा डेव्हलपर, कोडॅकने १९२७ साली काढलेला डी-७६. आणि ती बाटली कधी रिकामी होत नसे.

लिटरभर डेव्हलपरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम व बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, २ ग्रॅम लागतो. एकदा वापरून ओतून द्यावयाचा म्हटला, तर तीन-चार रोलांत तो संपतो. मामा एक रोल धुतला की रिकाम्या बाटलीत प्रथम ३० मिलिलिटर पूरक द्रावण घालीत, त्यावर वापरलेला डेव्हलपर काठोकाठ ओतीत आणि उरलेला फेकून देत. काठोकाठ अशासाठी, की हवेने तो बिघडतो. पूरक द्रावणात सल्फाइट तेवढेच, पण मेटॉल ३ ग्रॅम, हायड्रोक्विनोन साडेसात आणि टाकणखार तब्बल २०! रोल धुताना ही द्रव्ये खर्ची पडतात. शिवाय फिल्ममधून ब्रोमाइड द्रावणात उतरते व डेव्हलपरला मंद करते. थोडे जुने काढून थोडे तेज घातले की दोन्ही आटोक्यात राहतात. मुरलेल्या बाटलीतून छटा मऊ उतरतात असे मामा म्हणत. मला तो फरक कधी दिसला नाही. पण दहावा रोल पाचव्यासारखाच निघे, हे मात्र खरे.

बाटलीच्या गळ्याला दोऱ्याने एक लहान वही बांधलेली असे. दर रोलला एक रेघ.

देवासला बिऱ्हाड केल्यावर मीही अर्ध्या लिटरची बाटली केली. वही केली नाही. पावसाळाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रोल धुतले. पूरक द्रावण कधी घातले, कधी राहिले. अशातच आजीचे सहस्रचंद्रदर्शन झाले. दोन रोल काढले होते. पहिला त्याच बाटलीत धुतला, आणि टाकीतून निघाली ती जवळजवळ कोरी पट्टी! निरांजनाच्या ज्योती तेवढ्या उमटल्या होत्या. औक्षण करणाऱ्या सुना आणि पाटावरची आजी नाहीत.

दुसऱ्या दिवशी इंदूरला गाडी बदलून उरलेला रोल धारला नेला. मामांनी काही न बोलता तो धुतला आणि वहीत रेघ ओढली. निगेटिव्ह सुरेख उतरल्या. तो रोल पंगतीचा होता. आजी त्यात एकदाच आहे, टोकाला, पाठमोरी.

आता ‘इंदू’ फिल्म काढणारा उदकमंडलमचा कारखानाही बंद झाला आहे आणि परदेशी रोल महाग पडतो. ज्यांना हा छंद करावयाचा असेल त्यांनी द्रावणासाठी शुद्ध केलेले, डिस्टिल्ड पाणी घ्यावे. आपल्या विहिरींचे पाणी जड. मेटॉलने काहींच्या कातडीला पुरळ उठते, म्हणून रबरी हातमोजे घालावेत, आणि चमचा स्वयंपाकघरातला कदापि घेऊ नये. उन्हाळ्यात टाकी बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून २० अंश साधावे. शंका आली तर रोलचे सुरुवातीचे, उजेड लागलेले टोक कापून भर उजेडात डेव्हलपरमध्ये बुडवावे. ताज्या द्रावणात असेच काळे केलेले टोक वहीत चिकटवून ठेवलेले असावे. तेवढ्याच वेळात नवे टोक करडेच राहिले, तर बाटली मोरीत ओतावी आणि रोल डब्यातच राहू द्यावा.