शनिवारचे पुस्तक

१८५० च्या सुमारास अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात घरोघरी तारा पोहोचविणारा एक मुलगा शनिवारची आतुरतेने वाट पाहत असे, ती पगारासाठी नव्हे, तर पुस्तकासाठी. नदीपलीकडच्या ॲलेघेनी येथील कर्नल जेम्स अँडरसन यांनी आपला सुमारे ४०० ग्रंथांचा संग्रह कष्टकरी मुलांसाठी खुला केला होता. शनिवारी एक पुस्तक न्यावे, पुढील शनिवारी परत करून दुसरे घ्यावे. वर्गणी काहीही नव्हती. त्या मुलाचे नाव अँड्र्यू कार्नेगी.

त्याचा जन्म १८३५ साली स्कॉटलंडमधील डनफर्मलिन येथे विणकराच्या घरी झाला. वाफेवरचे माग आले, हातमाग बसला आणि १८४८ मध्ये कुटुंबाने अमेरिका गाठली. तेथे सूतगिरणीत त्याला आठवड्याला १ डॉलर २० सेंट मजुरी मिळू लागली. पुस्तके विकत घेणे ही कल्पनेपलीकडची गोष्ट होती. मेकॉलेचे निबंध, चार्ल्स लँबचे लेखन, बँक्रॉफ्टचा अमेरिकेचा इतिहास, हे सारे त्याने या शनिवारांच्या आधारे वाचले.

पुढे ग्रंथालय वाढले आणि त्याबरोबर नियमही आले. रीतसर उमेदवारी करणाऱ्या मुलांनाच पुस्तके विनामूल्य, इतरांस वर्षाला २ डॉलर वर्गणी. १८५३ मध्ये सतरा वर्षांच्या कार्नेगीने वृत्तपत्रात पत्र लिहून या भेदाविरुद्ध दाद मागितली. नियम बदलला. लेखणीने मिळविलेला हा त्याचा पहिला विजय.

हाच मुलगा पुढे पोलादसम्राट झाला. १८८३ मध्ये त्याच्या देणगीतील पहिले ग्रंथालय डनफर्मलिनला उघडले, आणि हयातीत व त्यानंतर मिळून जगभर सुमारे २,५०० ग्रंथालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. मात्र देणगीला व्यापाऱ्याला शोभेल अशी अट असे. गावाने जागा द्यावी आणि देणगीच्या एकदशांश रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालविण्यासाठी स्वतः उभी करावी.

या कथेला दुसरी बाजूही आहे. १८९२ मध्ये होमस्टेड येथील त्याच्या कारखान्यात वेतनकपातीवरून संघर्ष पेटला, गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंची माणसे मृत्युमुखी पडली. पुढे त्याच गावी त्याने ग्रंथालय बांधले; पण दिवसाचे बारा तास भट्टीपुढे राबणाऱ्याने वाचावे केव्हा, हा कामगारांचा प्रश्न उरलाच. दानाचा धनादेश कितीही मोठा असला, तरी धन कोणत्या मार्गाने आले याचा हिशेब तो पुसून टाकत नाही.

कर्नल अँडरसन यांचे ऋण मात्र कार्नेगी विसरला नाही. ॲलेघेनीच्या ग्रंथालयापाशी त्याने त्यांचे स्मारक उभारले. त्यात पुस्तक वाचत बसलेला एक कामगार आहे.

आपल्या गावांतही वाचनालयाच्या इमारतीवर नाव कोरून घेणारा दाता मिळतो. परंतु वीजबिल, नवी पुस्तके आणि ग्रंथपालाचे वेतन यांसाठी हात पुढे येत नाहीत. दुकानाच्या जमाखर्चात या वार्षिक खर्चासाठी एक लहानसे खाते उघडता येईल. आणि शनिवारी नातवंडांचे बोट धरून तेथे जाण्यास तर काहीच खर्च येत नाही.