नाट्यशिबिराची जाहिरात नको, वेळापत्रक बघा

दहावीची परीक्षा तोंडावर आली की तालुक्याच्या गावी भिंतींवर पत्रकं दिसायला लागतात. एका बाजूला बियाण्यांची, दुसऱ्या बाजूला उन्हाळी शिबिरांची. पोहणं, संस्कार, इंग्रजी संभाषण यांच्या जोडीला नाट्यशिबिरं असतात आणि काही ठिकाणी संगीत नाटकाचीही असतात. ‘पंधरा दिवसांत कलाकार’, ‘शेवटी भव्य प्रयोग’, ‘मालिकेत संधी’ असा सगळा थाट असतो. घरातलं तेरा ते सतरा वर्षांचं पोर गाणारं असलं, गणपतीत एखादी भूमिका केलेली असली, की ते पत्रक घेऊन तुमच्यापुढं उभं राहतं. तुम्ही काय करता? एक तर ‘नाचगाण्यानं पोट भरतं का?’ म्हणून हाकलता, नाही तर हट्टापुढं नमून फी भरून मोकळे होता. दोन्ही चुकीचंच.

सोयाबीनच्या पिशवीवरचं चित्र पाहून कोणी शहाणा शेतकरी पेरणी करत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सत्तर तरी उगवले तर बी वापरायचं, ही रीत आता गावोगाव माहीत आहे. मग पोराचा उन्हाळा आणि घामाचा पैसा कुठं घालायचा हे ठरवताना तेवढी तपासणी का करू नये? म्हणून एकच सांगणं आहे. शिबिराच्या शेवटच्या दिवशी काय होणार हे विचारू नका, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोर काय करणार हे विचारा.

आधी त्या पोटापाण्याच्या प्रश्नाचं. मराठी संगीत नाटक काही बंगल्यांतल्या मुलांनी उभं केलेलं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगमंचावर आलं. त्यानंतर जी मंडळी नावारूपाला आली, त्यांतले कितीतरी जण पोरवयातच नाटक मंडळीत गेलेले. कोल्हापूरचे केशवराव भोसले गरिबीमुळं लहानपणीच मंडळीत दाखल झाले, ‘शारदा’ नाटकातली त्यांची शारदा गाजली आणि १९०८ साली, विशीही गाठलेली नसताना, त्यांनी ‘ललितकलादर्श’ काढली. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा सतरा वर्षांचे होते. गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर किशोरवयातच त्याच मंडळीत गेले आणि १९१८ साली त्यांनी स्वतःची ‘बलवंत’ उभी केली. आजही झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात, वडसा गावी नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत. सिंधुदुर्गात सुगी आटोपली की दशावतार सुरू होतो. हे सगळं खेड्यांच्या जिवावरच चालतं ना?

पण ही नावं ऐकून हुरळूनही जाऊ नका. ती मंडळी पंधरा दिवसांत तयार झाली नव्हती. मंडळीत राहून, मोठ्यांचं ऐकून, वर्षानुवर्षं तालमी करून ती घडली. पंधरा-वीस दिवसांचं शिबीर पोराला कलाकार करत नाही. ते फार तर कान उघडतं, आवाज कसा सांभाळायचा ते दाखवतं, चारचौघांत उभं राहायची भीड मोडतं आणि वेळेवर येऊन आपल्या पाळीची वाट बघायला शिकवतं. हेही थोडं नाही. यापेक्षा जास्त कबूल करणाऱ्यापासून दोन हात लांबच राहा.

आता तपासणी. पहिला प्रश्न विचारा, शिकवणार कोण आणि मुलं किती? पत्रकावर नाव मोठ्या नटाचं, तो येणार उद्घाटनाला, आणि रोज शिकवणार भलताच, असंही होतं. रोज उभं राहणाऱ्या शिक्षकाचं नाव विचारा. साथीला पेटी-तबला किंवा ऑर्गनवाला रोज असतो का, की मोबाईलवर तयार ट्रॅक लावून मुलांना नुसतं त्यामागं गायला लावतात? संगीत नाटकात साथीदार गाणाऱ्याला सांभाळून घेतो आणि गाणारा त्याला. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, म्हणून त्यावर पोर पाठांतर करतं, पण ऐकायला शिकत नाही.

दुसरा प्रश्न वेळापत्रकाचा. ते लेखी मागा. सकाळी आवाजाची आणि श्वासाची तयारी, मग पदं, दुपारी विश्रांती आणि वाचन, संध्याकाळी चालणं-बोलणं आणि तालीम, असं काही त्यात दिसलं तर ठीक. पहिल्याच दिवशी भूमिका वाटून तिथूनच प्रयोगाची घाई असेल तर समजा, की दोघं-तिघं पुढं गाणार आणि बाकीची मागं झाडं होऊन उभी राहणार.

तिसरा प्रश्न बहुतेक आई-बाप विचारतच नाहीत, आणि तोच सर्वांत मोठा. तेरा-चौदाच्या आसपास मुलाचा कंठ फुटतो. काल काळी चारमध्ये सहज गाणारं पोरगं आज मध्येच चिरकतं. घरचे हसतात, पोर लाजून गाणंच सोडतं. अहो, आवाज गेलेला नसतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, म्हणून पट्टी खाली येते, जवळजवळ एक सप्तक. ती स्थिर व्हायला काही महिने लागतात, कुणाला वर्षाच्या वरही. या काळात त्याला जुन्या उंच पट्टीत ओढून गायला लावलं, मोकळ्या मैदानात ओरडायला लावलं, तर आवाजाला इजा होते. म्हणून थेट विचारा, ‘कंठ फुटलेल्या मुलांचं तुम्ही काय करता?’ जो म्हणेल, ‘त्याला झेपेल त्या खालच्या पट्टीत थोडंच गायला देतो, बाकी गद्य भूमिका आणि ताल शिकवतो’, त्याला विषय कळतो. जो म्हणेल, ‘काही होत नाही, दाबून गायला लावतो’, तिथून उठून घरी या.

चौथा प्रश्न पैशाचा. फी सांगतात तेवढीच नसते. एस.टी.चं भाडं, राहणं-जेवण, पोशाख, रंगभूषा, शेवटच्या प्रयोगाची तिकिटं पालकांनीच खपवायची अट, हे सगळं आधी कागदावर घ्या. प्रमाणपत्राचंही असंच. दहावीला कलेच्या वाढीव गुणांची सोय आहे, पण तिचे नियम ठरलेल्या परीक्षा आणि मान्यता मिळालेल्या संस्थांपुरते असतात. ‘आमचं प्रमाणपत्र घ्या, गुण मिळतील’ असं कोणी म्हणालं तर शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

पाचवा प्रश्न राहण्याचा. मुलींची खोली वेगळी आहे का, रात्री जबाबदार बाई कोण असते, घरी फोन करू देतात का, रात्रीच्या तालमी किती वाजेपर्यंत, हे विचारायला संकोच करू नका. अठरा वर्षांखालच्या मुला-मुलींच्या संरक्षणासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे आणि तो मुलांनाही तेवढाच लागू आहे. चांगला चालक या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

मुलींचा विषय निघाला म्हणून आणखी दोन शब्द. ‘पोरीची जात, नाटकात कशाला?’ हे वाक्य अजून ओसरीवर ऐकू येतं. एके काळी स्त्रीभूमिकाही पुरुषच करत. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ साली स्वतःची नाटक मंडळी काढली. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ आलं तेव्हा ज्योत्स्ना भोळे एकोणीस वर्षांच्या होत्या. कीर्ती शिलेदार लहानपणापासून रंगमंचावर वावरल्या आणि २०१८ साली नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. आपली पोरगी यांच्याएवढी होईल असं कोणी म्हणत नाही. पण तिचा गळा चांगला असताना तिला फक्त लग्नात मंगलाष्टकं म्हणायलाच उभं करायचं, हा कुठला न्याय?

शिबीर ठरलं की तयारीला लागा, आणि ती गावातच होते. गावात भजनी मंडळ आहे ना? पोराला आठवड्यातून दोन रात्री तिथं बसवा. पेटीवर एक सूर धरून स्थिर ‘सा’ लावता आला पाहिजे. हातावर मात्रा मोजता आल्या पाहिजेत. दादरा सहा, केरवा आठ, त्रिताल सोळा. एवढं टाळ वाजवतानाही शिकता येतं. रोज दहा-पंधरा मिनिटं उभं राहून पाठ्यपुस्तकातला एखादा धडा मोठ्यानं, स्वल्पविराम-पूर्णविराम पाळून वाचायला लावा. ण आणि न, श आणि स, ळ आणि ल वेगळे ऐकू आले पाहिजेत. याचा अर्थ गावची बोली टाकायची असा नाही. घरात घरची बोली, भूमिकेत भूमिकेची. नटाला दोन्ही यायला हव्यात.

निवड-चाचणी असेल तर एक अभंग किंवा गवळण, जमल्यास एखादं सोपं नाट्यपद आणि दोन मिनिटांचं गद्य एवढं पाठ असू द्या. अवघड पद घेऊन फजिती करून घेण्यापेक्षा सोपं पद सुरात म्हणावं. ज्या नाटकाचा उतारा निवडला ते नाटक पोरानं सबंध वाचलेलं हवं. जुन्या गायक-नटांची ध्वनिमुद्रणं आता मोबाईलवर मिळतात. रोज एक ऐकवा, पण एकाच्याच नकला करू देऊ नका. आवाजासाठी महागडं औषध नको. भरपूर पाणी, पुरेशी झोप आणि शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाका मारण्याचं काम तेवढे दिवस दुसऱ्याकडे. महिनाभर घसा बसलेला असेल तर आधी डॉक्टर, मग शिबीर.

आता सरपंच, सदस्य, शिक्षक आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून त्यांना ग्रामसेवकच म्हणतो) यांच्यासाठी. प्रत्येक पोराला जिल्ह्याच्या गावी पाठवणं परवडणारं नाही. मे महिन्यात नांगरट, शेणखत, लग्नसराई. घरचे हात मोकळे नसतात. मग शिबीरच गावाकडं का आणू नये? शेजारच्या तीन-चार गावांनी मिळून एक जाणता संगीत शिक्षक आणि एक नाटकवाला पंधरा दिवस बोलवावा. शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी घेऊन जिल्हा परिषद शाळेच्या खोल्या वापराव्यात. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात वेळ ठेवली तर ऊन टळतं आणि पोर घरच्या कामालाही मिळतं. पेटी, पखवाज भजनी मंडळाचे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्चायचा असतो. त्यातून काही देता येईल का, हे विस्तार अधिकाऱ्यांना विचारून मासिक सभेत ठराव घ्यावा. नाही बसलं तर गणेशोत्सवाच्या वर्गणीतला थोडा वाटा इकडं वळवावा. तेवढ्यानं गणपती रागावणार नाही.

नाटक कोणतं घ्यायचं? लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लिखाणाचा हक्क संपतो. त्यामुळं किर्लोस्कर, देवल यांची नाटकं कोणाच्या परवानगीविना करता येतात. नव्या लेखकाचं घेतलंत तर रीतसर परवानगी घ्या. माझं मत विचाराल तर देवलांच्या १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’तले दोन-तीन प्रवेश घ्यावेत. पैशापायी बाप कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, ही त्याची गोष्ट. सव्वाशे वर्षं झाली, पण दहावी व्हायच्या आत पोरगी उजवणारी घरं आपल्याकडं संपली का? बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावपातळीवर ग्रामसेवकांकडंच आहे. नोटिसा लावून जे होत नाही, ते आपल्याच गावची चौदा वर्षांची मुलगी चावडीपुढं उभी राहून शारदेचं दुःख सांगेल तेव्हा कदाचित होईल. समोर बसलेल्या बापाला मान वर करणं जड जाईल.

म्हणून मंडळी, यंदा पत्रक घरात आलं की फाडू नका आणि लगेच फीही भरू नका. वरचे पाच प्रश्न कागदावर लिहा, चालकाला भेटा, पोराला आजपासून भजनाला बसवा. आणि पंचायतीतल्या लोकांनी पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत गावच्या शिबिराचा एक विषय घालावा. मे महिन्याला अजून वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही.