दाढीवाल्या गायिकेचा सवाल

टोरांटोत एकेकाळी मुलांना शिकविणाऱ्या मेरिल निस्कर यांची ‘द टीचेस ऑफ पीचेस’ ही ध्वनिमुद्रिका २००० साली बर्लिनच्या एका छोट्या कंपनीने काढली. ‘पीचेस’ हे त्यांनी धारण केलेले नाव. वाद्यवृंद नाही, रोलँड एमसी-५०५ हे तालयंत्र आणि कामवासनेविषयी बेधडक बोलणारी स्त्री, एवढेच भांडवल. रॉकमधील पुरुषांनी हीच भाषा वर्षानुवर्षे वापरली, तेव्हा ती बंडखोरी म्हणून मिरविली गेली. बाईच्या तोंडी येताच ती अश्लील ठरली. २००३ च्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर बाई दाढी लावूनच अवतरल्या! धक्का वारंवार दिला की बोथट होतो, हा आक्षेप मात्र आम्हांस सर्वस्वी खोटा वाटत नाही. २०१५ ची ‘रब’ त्यांनी स्वतःच्याच कंपनीतर्फे काढली. २०२४ साली त्यांच्यावरील माहितीपटाला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात टेडी पुरस्कार मिळाला.