"किती देते?"

बुलडाण्यात कोणी नवी गाडी दारात उभी केली की मुबारकबाद द्यायला आलेला पहिला माणूस पेढा तोंडात टाकता टाकता विचारतो, "किती देते?" दुसरा विचारतो, "विकताना किती येतील?" गाडीच्या बोनेटवरचा हारही अजून सुकलेला नसतो!

आमच्याकडे गाड्यांच्या शौकिनांची कमी नाही. मिस्त्रीच्या गॅरेजपुढे ते तासन् तास बोलतात. त्यांचे एक दुःख म्हणजे फियाटचे 1.3 लिटरचे डिझेल इंजिन. हे इंजिन स्विफ्टमध्ये होते, इंडिका व्हिस्टातही होते. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. राजूर घाट चढताना शौकिनांना अजून त्याची आठवण येते. दुसरी तक्रार अशी की कंपन्या गाडी रस्ता पाहून नव्हे, कर पाहून कापतात. चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, म्हणून 2016 मध्ये बोलेरोसुद्धा आखूड झाली. तक्रार खोटी नाही. पण 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे, मोठ्या गाडीवर 40 टक्के. घर चालवणाऱ्याने यातली सोय पाहावी आणि आखूडपणाचे दुःख शौकिनांवर सोडावे.

त्यांचे एक मत मात्र घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः आयाबहिणींनी, ऐकावे असे आम्हाला वाटते. ते आहे 'स्टार'चे. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने आल्टो 800, नॅनो, आय-10, फिगो आणि पोलो या गाड्यांची बिनएअरबॅगची मॉडेल्स अडथळ्यावर आदळून पाहिली. पाचही गाड्यांना शून्य स्टार मिळाले. 2018 मध्ये टाटा नेक्सॉनला पाच मिळाले आणि 2024 मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरलाही. ऑक्टोबर 2023 पासून आपल्या सरकारची 'भारत एनकॅप' चाचणी सुरू आहे. गिऱ्हाईक विचारू लागले, म्हणून कंपन्या सुधारल्या. शोरूममध्ये मायलेजच्या आधी स्टार विचारा. लहान मुलांच्या सुरक्षेचे स्टार वेगळे असतात, तेही विचारा.

आपल्या जिल्ह्यात हे आता विचारायलाच हवे. पूर्वी खड्डेच गाडीला पन्नास-साठच्या वर जाऊ देत नव्हते. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो मेहकर, सिंदखेडराजा भागातून जातो आणि तिथे कारला 120 ची मुभा आहे. पेशंटला औरंगाबादला नेणे सोपे झाले, यात शंका नाही. पण 1 जुलै 2023 च्या रात्री याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले, हे आपण विसरलेलो नाही. स्टारची समोरासमोरच्या धडकेची चाचणी ताशी 64 किलोमीटरला होते. 120 ला धडकेचा जोर त्याच्या साडेतीन पट होतो. आणि चाचणीतल्या पुतळ्यांनी पट्टे बांधलेले असतात. आम्ही वलीम्याला निघतो तेव्हा पाच सीटच्या गाडीत सात मोठे, धाकटा पोरगा खालाच्या मांडीवर, आणि मागचे पट्टे सीटखाली कोंबलेले! उद्योगपती सायरस मिस्त्री सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ गेले, ते महागड्या गाडीत, मागच्या सीटवर, पट्टा न लावता.

पैशाचे काय? व्याज हराम आहे हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. तरी शोरूममध्ये फक्त हप्ता सांगतात, म्हणून हिशेब मांडतो. सहा लाखांचे कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षे धरा. हप्ता सुमारे 9,800 रुपये. एकूण भरणा सव्वाआठ लाखांच्या जवळ, म्हणजे सव्वादोन लाख नुसते व्याज. तेवढ्यात मुलीची दोन-तीन वर्षांची कॉलेजची फी निघेल. भिशी लावून, घरातल्या कोणाकडून कर्जे-हसना घेऊन किंवा दोन वर्षे थांबून रोखीने जुनी गाडी घेतली, तर शेजारी काय म्हणतील याची फिकीर करू नये.

जुनी गाडी घेताना रंग आणि सीट कव्हर पाहून भुलू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. असा टायर वरून काळाभोर दिसला तरी समृद्धीवर नेऊ नये. आधीच्या मालकाचे कर्ज असेल तर बँकेचे नाहरकत पत्र आणि फॉर्म 35 घ्या, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या आणि 14 दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. "नावावर नंतर करू" म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका, मग तो नात्यातला का असेना.