डोंगरगणला जाताय? आधी वरच्या डोंगरावरचं आभाळ बघा

पावसाने जोर धरला की नागापूर एमआयडीसी परिसरातल्या अनेक कुटुंबांची रविवारची सहल ठरते ती डोंगरगणला. रामेश्वराचे दर्शन, दरीतली झाडी, पोरांनाही झेपेल अशी वाट आणि धबधबा. त्यासाठी भंडारदरा गाठायची गरज नाही.

‘पाणी गुडघ्याएवढंच आहे’ हे वाक्य मात्र फसवे. उघड्या कातळात पाऊस फारसा मुरत नाही, थेट ओढ्यात उतरतो. खाली ऊन असतानाही वर सर कोसळली की काही मिनिटांत लोंढा येऊ शकतो. शिवाय वेग दुप्पट झाला की पाण्याचा ढकलण्याचा जोर चौपट होतो. गुडघाभर पाण्यातही मोठ्या माणसाचे पाय सुटतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात अडकलेले एकाच कुटुंबातले ५ जण वाहून गेले. तेही सहलीलाच आले होते.

पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज वाढला, की सामान सोडून लगेच काठावर चढावे. ओढा ओलांडून पलीकडे बसू नये. परतीची वाटच बंद होते. फोटो काय, काठावरूनही येतो. आणि अशा ठिकाणी नुसत्या फलकाने भागत नाही. वर सर आली की शिट्टी वाजवणारा माणूस पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी तरी नेमायला हवा. खर्च फार नाही.